अलीकडे ओटीटीवर पाहिलेल्या मालिका : आवडली की नाही, आणि नेमकं का

कोरांटी

"मस्त आहे, नक्की बघा" किंवा "दोन भागांत सोडली" एवढ्यावरून मालिका बघायची की नाही हे ठरवता येत नाही. इथे जरा नेमकं लिहू या. किती भागांची आहे, तेवढे भाग कथेला पुरतात की जास्त होतात, कुठे ढिली पडते, कोणत्या भाषेत बघावी. रहस्य फुटणार असेल तर आधी तसं लिहा, म्हणजे ज्यांना नको ते पुढे सरकतील.

सुरुवात 'अ‍ॅडॉलेसन्स'पासून. नेटफ्लिक्स, मार्च २०२५, फक्त चार भाग. तेरा वर्षांच्या जेमीला शाळेतल्या एका मुलीच्या खुनाच्या संशयावरून पोलीस पहाटे घरातून उचलतात. प्रत्येक भाग एकाच सलग टेकमध्ये चित्रित केलाय. छुपे सांधे जोडून तसा भास निर्माण केलेला नाही, खरोखरच एक टेक. चर्चा त्याचीच जास्त झाली, पण मला त्याहून मोलाचं वाटलं ते भागांमधलं अंतर. पहिला भाग अटकेचा दिवस. दुसरा तिसऱ्या दिवशी, शाळेत. तिसरा सात महिन्यांनी. चौथा तेरा महिन्यांनी. पुढचा तपास, वकिलांची धावपळ, खटल्याची तयारी, शेजारीपाजारी, हे सगळं त्या मधल्या फटींमध्ये गेलंय. एरवीच्या गुन्हेमालिकेत याच गोष्टी निम्म्याहून जास्त भाग खातात. इथे कॅमेरा तासभर प्रसंग सोडत नाही आणि मग कथा एकदम सात महिने उडी मारते. त्यामुळे प्रत्येक भागाच्या पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकाला स्वतःच अंदाज बांधावा लागतो की मध्ये काय काय झालं असेल. लेखक स्टीफन ग्रॅहम आणि जॅक थॉर्न यांची खरी हुशारी तिथे आहे.

अर्धविराम

कोरांटी, फटींबद्दल अनुमोदन. पण सलग टेकला इतक्या लवकर बाजूला सारू नका, त्याची किंमत केवढी असते ते सांगतो.

दिग्दर्शक फिलिप बॅरँटिनी आणि छायालेखक मॅथ्यू लुईस यांनी प्रत्येक भागाला साधारण तीन आठवडे दिले. दोन आठवडे तालीम, शेवटचा आठवडा चित्रीकरण, दिवसाला दोन टेक. म्हणजे ठरवलेले टेक दहा. प्रत्यक्षात पहिल्या भागाचा दुसरा टेक वापरला गेला, दुसऱ्याचा तेरावा, तिसऱ्याचा अकरावा आणि चौथ्याचा सोळावा. पन्नासाव्या मिनिटाला कुणी वाक्य विसरलं, दार अडकलं, एखादा पाहुणा कलाकार चुकून कॅमेऱ्याकडे बघून गेला, की सगळं पहिल्यापासून. अधलामधला चांगला तुकडा उचलून वापरायची सोयच नाही.

दुसरा भाग सगळ्यात अवघड का, तर तिथे शाळाभर मुलं आहेत. कॅमेरा हलका ठेवलाय, एका ऑपरेटरच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो, पाठलागात खिडकीतूनही बाहेर पडतो. शेवटी तो ड्रोनला अडकवला जातो, शाळेवरून उडत जातो आणि जिथे खून झाला त्या जागी पुन्हा खाली उतरतो, थेट जेमीच्या वडिलांच्या चेहऱ्यापर्यंत. ड्रोन उतरल्यावर कॅमेरा सोडवून हातात घेणारा माणूस चौकटीत दिसता कामा नये, आणि त्याच क्षणी नटाने भावनेच्या त्या टोकावर असायला हवं. वारा जोरात असला तर टेक वाया.

मध्यरेषा

तांत्रिक कौशल्य मान्य. पण प्रेक्षकाला त्याचं काय देणंघेणं? दुसऱ्या भागात निदान दहा मिनिटं नुसती शाळेच्या व्हरांड्यांतून चाल आहे. कट मारता येत नाही म्हणून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाणंही दाखवावं लागतं. तो भाग ढिला आहे आणि त्याला कारण तंत्राचा हट्ट.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. जिचा जीव गेला ती केटी आणि तिचं घर मालिकेत जवळपास नाहीच. याची जाणीव लेखकांना आहे. दुसऱ्या भागात मिशा ही पोलीस अधिकारी ते बोलूनही दाखवते, की सगळ्यांच्या लक्षात जेमी राहील, तिला कुणी आठवणार नाही. पण पात्राच्या तोंडून उणीव कबूल करून घेतली म्हणजे उणीव भरून निघत नाही.

कोरांटी

मध्यरेषा, केटीबद्दलचा मुद्दा पटतो. व्हरांड्यांबद्दल नाही. त्या चालण्यातच शाळेची अवस्था कळते. प्रत्येक वर्गात मुलांसमोर व्हिडिओ चालू, शिक्षकांचा आवाज चढलेला, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. आणि तपास अधिकाऱ्याला स्वतःच्या मुलाकडून इमोजींचे अर्थ समजून घ्यावे लागतात, तो प्रसंगही तिथेच येतो.

तंत्र आणि आशय एकजीव झालेत ते तिसऱ्या भागात. एक खोली, जेमी आणि मानसशास्त्रज्ञ ब्रायनी. (पुढे थोडा रहस्यभेद.) ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, वर मार्शमेलो घालून. स्वतःच्या सँडविचचा अर्धा तुकडाही देते. पुढे त्याचा आवाज चढत जातो, कप उडतो. तो गेल्यावर ती आवराआवर करायला लागते, त्याने चावलेला सँडविचचा तुकडा हातात येतो आणि तिला तो धरवत नाही. संवाद एकही नाही. इथे कट मारून सँडविचचा क्लोजअप दाखवला असता तर ती सूचना झाली असती. सलग टेकमध्ये ते आपल्या डोळ्यांना आपोआप सापडतं. जेमी झालेल्या ओवेन कूपरने या भूमिकेसाठी १५व्या वर्षी एमी हा टीव्हीचा पुरस्कार घेतला. अभिनयाचं एमी मिळवणारा तो सगळ्यात लहान पुरुष कलाकार.

सोनटक्का

याच्या अगदी उलट रचना बघायची असेल तर 'द पिट'. जानेवारी २०२५ मध्ये आली, पहिल्या सीझनचे १५ भाग. पिट्सबर्गमधल्या इस्पितळाचा आपत्कालीन विभाग, डॉक्टर रॉबीची एकच पाळी, सकाळी ७ ते रात्री १०. एक भाग म्हणजे एक तास. 'अ‍ॅडॉलेसन्स'मध्ये फटी आहेत, इथे फट नावाला नाही.

याचा फायदा रुग्णांच्या कथांना होतो. नेहमीच्या वैद्यकीय मालिकेत रुग्ण भागाच्या सुरुवातीला येतो आणि शेवटी बरा होतो किंवा जातो. इथे तपासणीला जितका वेळ लागतो तितके भाग लागतात. फेंटानिल मिसळलेली गोळी घेऊन मेंदू निकामी झालेला एक तरुण आहे. आईवडिलांना तो गेलाय हे पटत नाही. एक चाचणी, मग काही तासांनी पुन्हा चाचणी, मग अवयवदानाचा प्रश्न, असं ते प्रकरण कित्येक भाग मागे चालू राहतं आणि दरम्यान दुसऱ्या खाटेवर वेगळंच काही घडत असतं. वाट बघणं हाच रुग्णालयातला मुख्य अनुभव, आणि तो दाखवायला हीच रचना लागते.

आणखी एक गोष्ट म्हणजे पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. मॉनिटरचे आवाज, घोषणा, ट्रॉलीची चाकं. कधी दचकायचं, कधी रडायचं हे संगीत सांगत नाही.

उणिवाही सांगते. शिकाऊ डॉक्टरांना समजावण्याच्या निमित्ताने प्रेक्षकाला समजावण्याचे संवाद पहिल्या तीन-चार भागांत फार आहेत. आणि जखमा, प्रसूती, छातीत नळी घालणं हे अगदी जवळून दाखवतात, जेवताना लावू नका. बघताना इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा. औषधांची नावं आणि आकडे इतक्या वेगात येतात की नुसतं ऐकून निम्मे सुटतात.

काजवा

'चेर्नोबिल' आता कुठे पाहून झाली, १९८६च्या सोव्हिएत अणुदुर्घटनेवरची. २०१९ची, पाच भाग. जबरदस्त. पण त्यातलं किती खरं आणि किती रचलेलं, हे कुणी सांगेल का?

पायवाट

काजवा, शास्त्र बरंच खरं, माणसांच्या बाबतीत मोकळीक घेतलेली.

खरं काय ते आधी. स्फोटाच्या रात्री अणुभट्टीवर जी चाचणी चालू होती ती ७०० मेगावॉटच्या आसपास करायची होती. शक्ती घसरून ३०वर आली, ओढूनताणून २००पर्यंत चढवली. न्यूट्रॉन शोषणारा झेनॉन वायू साचल्यामुळे अणुभट्टी वर येत नव्हती म्हणून प्रक्रिया रोखून धरणारे नियंत्रक दांडे जवळपास सगळे बाहेर काढले. आरबीएमके या चेर्नोबिलमधल्या प्रकारच्या भट्टीत पाण्याची वाफ झाली की प्रक्रिया मंदावण्याऐवजी वाढते. त्यात दांड्यांच्या खालच्या टोकाला ग्रॅफाइट. ते आत सरकताना तळाशी असलेलं, न्यूट्रॉन शोषणारं पाणी आधी बाजूला ढकलतं आणि काही क्षण तिथली शक्ती उलट वाढते. म्हणून एझेड-५, म्हणजे बंद करण्याचं बटण, हेच शेवटचं निमित्त ठरलं. शेवटच्या भागात लाल आणि निळ्या पाट्यांनी हे समजावलंय, ते बरोबर आहे. टीव्हीवर अणुभौतिकी इतकं स्वच्छ समजावल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मालिकेत किरणोत्साराचा म्हणून सांगितला जाणारा "३.६ रॉन्टजेन" हा आकडाही खरा. हाताशी असलेली मापकं सेकंदाला ०.००१ रॉन्टजेनपर्यंतच मोजायची. तासाचा हिशोब केला की ३.६. म्हणजे तो आकडा किरणोत्साराचा नव्हताच, मापकाची मर्यादा होती. मालिकेचा सगळा विषय या एका आकड्यात आलाय.

आता मोकळीक. एमिली वॉटसनने केलेली उलाना खोम्युक ही व्यक्ती नव्हतीच, अनेक शास्त्रज्ञ मिळून ते एक पात्र केलंय आणि तसं शेवटी लिहूनही दाखवलंय. मालिकेचे नायक, शास्त्रज्ञ लेगासोव्ह खटल्याला हजर नव्हते, ते कोर्टातलं भाषण पूर्ण रचलेलं. हेलिकॉप्टर पडलं ते ऑक्टोबर १९८६ मध्ये, क्रेनच्या दोराला पातं लागून. मालिकेत ते पहिल्या दिवसांत आणलंय, त्यामुळे किरणोत्साराने पडल्यासारखं वाटतं. अणुभट्टीखालच्या पाण्यात उतरलेले ते तिघे कर्मचारी त्यामुळे मेले नाहीत, आणि हे मालिकाही शेवटी सांगते. गर्भातल्या बाळाने किरणोत्सार शोषून आईला वाचवलं, या म्हणण्याला वैद्यकीय आधार नाही. पुलावर उभे राहून आग बघणारे सगळे मेले, यालाही ठोस पुरावा नाही.

लेखक क्रेग मेझिन यांनी प्रत्येक भागासोबतच्या पॉडकास्टमध्ये कुठे काय बदललं ते स्वतःच सांगितलंय. भाग संपला की तो ऐकावा.

मध्यरेषा

पायवाट, उत्तम प्रतिसाद. कोर्टातल्या बदलाबद्दल माझं मत असं की तो क्षम्य आहे. पाच भाग प्रेक्षक "स्फोट का झाला?" हा प्रश्न धरून बसलेला असतो. उत्तर द्यायला जाणकार माणूस आणि ऐकणारे अजाण लोक लागतात, ते कोर्टात एकत्र मिळतात. हेलिकॉप्टरचा बदल मात्र क्षम्य नाही. त्याने कार्यकारणच बदलतं, आणि 'असत्याची किंमत' हाच ज्या मालिकेचा विषय, तिने तरी असं करायला नको होतं.

तिसरी घंटा

आपल्याकडच्या मालिका कुणी काढेना म्हणून 'स्कॅम १९९२', शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्यावरची. पाच वर्षं झाली तरी अवघड आर्थिक विषय समजावण्यात तिच्या जवळपास दुसरी हिंदी मालिका नाही. ऑक्टोबर २०२०, १० भाग, सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर आधारित.

बघताना बरेच जण तिसऱ्या-चौथ्या भागात अडकतात, कारण रेडी फॉरवर्ड आणि बीआर डोक्यावरून जातात. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जातं. एका बँकेला थोड्या दिवसांसाठी पैसे हवेत. ती सरकारी रोखे दुसऱ्या बँकेला विकते आणि साधारण पंधरा दिवसांत ठरलेल्या भावाने परत घ्यायचं कबूल करते. मध्ये दलाल. रोखे दर वेळी हातोहात देणं कटकटीचं, म्हणून विकणारी बँक एक पावती देते, बँक रिसीट, म्हणजेच बीआर. खरं तर बँकांनी आपापसात व्यवहार करायचे, पण धनादेश दलालाच्या खात्यावर जायला लागले. पैसा त्याच्याकडे काही दिवस पडून, आणि तो थेट शेअर बाजारात. पुढची पायरी म्हणजे मागे रोखेच नसलेल्या बीआर. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह या छोट्या बँकांनी अशा कोऱ्या पावत्या दिल्या. एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर २०० रुपयांवरून ९००० पर्यंत गेला तो याच पैशावर. स्टेट बँकेच्या हिशोबात ५०० कोटींची तफावत निघाली आणि एप्रिल १९९२ मध्ये सुचेता दलाल यांनी ती बातमी फोडली.

मालिका हे सगळं वहीतल्या आकृत्यांनी समजावत बसत नाही, संवादातून आणि व्यवहारातून उलगडते. हर्षद झालेल्या प्रतीक गांधीचं काम तर आहेच. पण सातव्या भागानंतर धागे फार होतात. तपास यंत्रणा, राजकारण, कोर्ट, सगळ्यांना थोडं थोडं देताना पकड सुटते. आणि संगीतकार अचिंतच्या त्या संगीतामुळे हर्षदची प्रत्येक एंट्री नायकाची होते. ज्या लहान गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले त्यांच्या वाट्याला त्या मानाने फारच कमी वेळ येतो.

सोनटक्का

तिसरी घंटा, शेवटच्या दोन वाक्यांना +१. केटीबद्दल वर जे लिहिलंय तेच इथे लागू आहे. या बाबतीत 'दिल्ली क्राइम'चा पहिला सीझन बघण्यासारखा. सात भाग, २०१९. २०१२चा दिल्लीतला सामूहिक बलात्कार हा मूळ गुन्हा एकदाही प्रत्यक्ष दाखवलेला नाही. रुग्णालयातलं डॉक्टरांचं निवेदन आणि शेफाली शाहचा ऐकतानाचा चेहरा, एवढ्यावर काम भागवलंय. बाकी सगळा वेळ तपासातल्या अडचणींना. वाहन नाही, माणसं नाहीत, ठाण्यात वीज नाही. २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचं आंतरराष्ट्रीय एमी मिळालं ते योग्यच.

काजवा

'कोहरा'चा पहिला सीझन पण! फक्त सहा भाग. पंजाबीतच बघा, हिंदी डबिंग लावू नका. सुविंदर विक्कीच्या आवाजातली थकावट डबिंगमध्ये नाहीशी होते.

अर्धविराम

काजवा, बरोबर विषय काढलात. भाषेच्या निवडीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट, जी पुष्कळांना माहीत नसते.

परभाषेतल्या मालिकेचं इंग्रजी डबिंग आणि इंग्रजी सबटायटल्स ही दोन वेगळी भाषांतरं असतात. डबिंगच्या संहितेत ओठांची हालचाल जुळवावी लागते, म्हणून वाक्यं लांबवतात, तोडतात, कधी अर्थही वाकवतात. सबटायटल्सना जागेची मर्यादा. नेटफ्लिक्सचा नियम घ्या. रोमन लिपीत एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं, दोनच ओळी, एक सबटायटल जास्तीत जास्त ७ सेकंद पडद्यावर. पात्र भराभर बोलत असेल तर मजकूर कापावाच लागतो.

गंमत पुढे आहे. यादीत 'इंग्रजी' आणि 'इंग्रजी सीसी' (ऐकू न येणाऱ्यांसाठीची क्लोज्ड कॅप्शन्स) असे दोन पर्याय दिसले तर परभाषेतल्या मालिकेत सीसी हे बहुधा डबिंगच्या संहितेवर बेतलेलं असतं. मूळ आवाज लावून सीसी निवडलं की पात्र एक बोलतं आणि खाली भलतंच येतं. २०२१ मध्ये 'स्क्विड गेम'च्या वेळी यावरूनच मोठा वाद झाला होता. म्हणून मूळ आवाज आणि साधी इंग्रजी सबटायटल्स ही जोडी लावावी. 'डार्क' ही जर्मन मालिका बघणाऱ्यांनी तर नक्कीच.

पायवाट

'डार्क'चा विषय निघालाच आहे तर ती कशी बघावी तेही सांगून टाकतो, कारण निम्मे लोक दुसऱ्या सीझनला सोडतात आणि दोष मालिकेला देतात.

१० + ८ + ८, एकूण २६ भाग. विंडेन हे गाव, चार घराणी : कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर, टीडेमान. काळ ३३ वर्षांच्या टप्प्यांनी फिरतो : १९५३, १९८६, २०१९. पुढे त्याच्याही अलीकडे-पलीकडे जातो. एकाच पात्राची तीन-तीन वयं, तीन वेगळे कलाकार.

कागदावर चार रकाने करा, घराण्यांचे. आडव्या ओळी सालांच्या. नवं पात्र आलं की त्याचं नाव त्या चौकटीत टाका, शेजारी ओळखीची खूण लिहा. कानाशी व्रण, डोळ्यांचा रंग, गळ्यातलं लॉकेट, असं काहीही. पहिला सीझन संपेपर्यंत हा तक्ता पुरतो. आंतरजालावरचे तयार वंशवृक्ष उघडू नका. त्यातल्या रेषा बघूनच तिसऱ्या सीझनची दोन मोठी रहस्यं फुटतात. आणि एका बैठकीत दोनपेक्षा जास्त भाग नकोत. इथे मागच्या भागातलं एखादं वाक्य सहा भागांनंतर वेगळ्या तोंडून येतं, ते ओळखू येण्याइतकं डोकं ताजं हवं.

तिसरा सीझन २७ जून २०२० रोजी प्रदर्शित केला होता. मालिकेत जगबुडीची तारीख तीच आहे. अख्खी कथा आधी नीट बांधून मग काम केल्याशिवाय असं जमत नाही. बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझे यांनी तीन सीझनमध्ये संपवायचं ठरवलं होतं आणि संपवलं.

मध्यरेषा

संपवणं हाच तर कळीचा मुद्दा. 'सेव्हरन्स'चा पहिला सीझन एप्रिल २०२२ मध्ये संपला, दुसरा जानेवारी २०२५ मध्ये आला. मध्ये २०२३चा लेखकांचा आणि कलाकारांचा संप होता, ते समजू शकतं. पण पावणेतीन वर्षांनी प्रेक्षकाला आधीचे नऊ भाग पुन्हा बघावे लागतात. दुसऱ्या सीझनचे १० भाग दिसायला अप्रतिम आहेत, मात्र मधल्या तीन-चार भागांत कथा जागची हलत नाही, नवी कोडी तेवढी वाढतात. पहिल्या सीझनचा शेवटचा भाग मात्र ताण कसा चढवत न्यावा याचा वस्तुपाठ आहे.

कोरांटी

मध्यरेषा, भागांच्या हिशोबावर 'स्टार वॉर्स'च्या विश्वातल्या 'अ‍ॅन्डॉर'चं उदाहरण घ्या. १२ + १२. पहिल्या सीझनमध्ये तीन-तीन भागांचे गट आहेत, मध्ये एखादा सुटा. दुसऱ्यात तर काटेकोर, तीन भाग म्हणजे एक वर्ष, असे चार गट. मुळात पाच सीझनचा बेत होता. तेवढा वेळ मिळणार नाही हे दिसल्यावर निर्माते टोनी गिलरॉय यांनी उरलेली चार वर्षं एकाच सीझनमध्ये अशी बसवली. त्यामुळे बघायची योग्य पद्धत म्हणजे तीन-तीन भाग, जणू एकेक चित्रपट. एकेक भाग सुटा पाहिलात तर पहिले दोन संथ वाटणार, कारण ते तिसऱ्याची तयारी असतात.

'स्टार वॉर्स'चं आधीचं काहीही पाहिलेलं नसलं तरी चालतं. पहिल्या सीझनचा ८ ते १० हा तुरुंगाचा गट घ्या. एका मेजावर सात माणसं, एका खोलीत सात मेजं, एका मजल्यावर सात खोल्या. कैदी अनवाणी, कारण जमिनीतच वीज सोडलेली. पहारेकरी जवळपास दिसत नाहीत, कारण मेजामेजांत उत्पादनाची स्पर्धा लावली की कैदीच एकमेकांवर पहारा करतात. अत्याचाराची व्यवस्था कशी चालते ते कुणीही भाषण न देता दाखवलंय. जे सुटे भाग ते कैदी बनवतात ते कशाला लागतात, हे सीझनच्या अगदी शेवटी, श्रेयनामावलीनंतर कळतं. त्याआधी टीव्ही बंद करू नका.

काजवा

'अ‍ॅन्डॉर'मधले रात्रीचे प्रसंग माझ्या टीव्हीवर नुसते काळे ठिक्कर दिसतात. आणि संवाद बारीक, स्फोट मोठे. मालिकेचाच दोष की सेटिंगचा?

अर्धविराम

बहुतेक सेटिंगचा. या क्रमाने बघा.

आधी चित्राचा प्रकार. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर काढा, 'फिल्ममेकर मोड' किंवा 'सिनेमा' लावा. मग इको मोड आणि खोलीतल्या उजेडानुसार प्रकाश कमी-जास्त करणारा सेन्सर बंद करा. काळोखे प्रसंग दिसत नाहीत याचं सगळ्यात नेहमीचं कारण हा सेन्सरच.

दुसरं, मोशन स्मूदिंग. चित्रीकरण सेकंदाला २४ चौकटींचं असतं, टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो आणि सगळं कौटुंबिक मालिकेच्या सेटवर घडल्यासारखं दिसायला लागतं. एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी या नावाने सापडेल. बंद करा.

तिसरं, इंटरनेटचा वेग. नेटफ्लिक्स १०८०पीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस सुचवतं. वेग पडला की चित्र दाबलं जातं आणि त्याचा पहिला फटका अंधाऱ्या भागांना बसतो, तिथे चौकोन आणि पट्टे दिसतात. चित्राचं सेटिंग कितीही बदललं तरी ते जात नाहीत.

आवाजाचं कारण वेगळं. ५.१ मिश्रणात, म्हणजे अनेक स्पीकरसाठी बनवलेल्या आवाजात, संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असले की सगळं एकत्र कोंबलं जातं आणि संवाद दबतात. आवाजाच्या यादीत ५.१ आणि साधा असे दोन्ही पर्याय असतील तर साधा निवडा. टीव्हीत नाइट मोड असेल तर तो लावा, त्याने स्फोट खाली येतात आणि कुजबुज वर. प्राइमवर काही मालिकांना डायलॉग बूस्ट मिळतं, तेही चांगलं चालतं.

काजवा

सेन्सरच चालू होता! आता भिंती दिसायला लागल्या. धन्यवाद.

तिसरी घंटा

याच सेटिंगवर आता 'रिप्ली' लावा, इटलीत घडणारी, टॉम रिप्ली या भामट्याची गोष्ट. २०२४, नेटफ्लिक्स, आठ भाग, लेखन-दिग्दर्शन सगळं स्टीव्हन झेलियन यांचं आणि छायाचित्रण रॉबर्ट एल्सविट यांचं, संपूर्ण कृष्णधवल. रंगाची छटा 'कूल' असेल तर पांढरा रंग निळसर दिसतो आणि चित्राची मजा जाते, म्हणून 'वॉर्म' ठेवा. खोलीतला दिवा थेट पडद्यावर पडू देऊ नका.

संथ आहे, हे आधीच सांगते. पण ती गती कशासाठी, ते पाचव्या भागात कळतं. (रहस्यभेद.) खून झटकन होतो. उरलेला जवळपास अख्खा भाग प्रेत खाली नेण्याचा, ते गाडीत बसवण्याचा, परत येऊन जिन्यावरचे डाग पुसण्याचा. लिफ्ट अडते. मांजर बघत बसते. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत हे काम एका कटमध्ये उरकलं असतं. इथे गुन्हा म्हणजे किती कंटाळवाणी, घाम काढणारी मेहनत आहे ते पायरी-पायरीने दाखवलंय, आणि पकडला जाईल की काय ही धाकधूक त्या मेहनतीतूनच येते.

मध्यरेषा

आठ भाग मात्र जास्तच. व्हेनिसचे शेवटचे दोन एकात बसले असते.

तिसरी घंटा

नाही बसले असते. सातव्यात तो ओळख बदलून नव्या शहरात स्थिरावतो, आठव्यात तपास त्याच्या दारात येतो. मधला निवांतपणा काढला तर आठव्यातल्या त्या अंधुक उजेडातल्या भेटीची भीतीच उरणार नाही. चौथा भाग थोडा कापता आला असता, एवढं मान्य करते.

सोनटक्का

चार आणि पाच लागोपाठ बघा, म्हणजे चौथा लांबल्यासारखा वाटणार नाही. आणि इटालियन संवादांची सबटायटल्स आपोआप येत नसतील तर यादीतून इंग्रजी निवडून घ्या. टॉमचं मोडकंतोडकं इटालियन हळूहळू कसं सुधारत जातं, ते त्याशिवाय लक्षात येत नाही.